हेडमास्तरांची खालची कवळी

कवळीकाकांचं नाव दवाखान्याच्या पाटीवर नव्हतं. पाटी डॉक्टरीणबाईंची, त्याआधी त्यांच्या वडिलांची. काका मागच्या खोलीत. पुढे पांढरी खुर्ची, जुनी मासिकं आणि घाबरलेले पेशंट. मागे प्लास्टरची पोती, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि भिंतभर फळ्यांवर ओळीने मांडलेले गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे. तीस वर्षं काका या खोलीत कवळ्या करत होते. बाई पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन मधल्या खिडकीतून आत सरकवायच्या आणि आठ-दहा दिवसांनी काका त्याच खिडकीतून दात बाहेर सरकवायचे. माणूस त्यांनी क्वचितच पाहिलेला असायचा. रस्त्यात कुणी हसलं की काका आधी दात ओळखत, मग माणूस.

आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. कवळी खुपते अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर खिडकीतून नुसता आवाज यायचा, "महिनाभर घाला. सवय होईल." महिन्याने तो माणूस परत यायचा नाही. त्यावरून काकांनी काढलेला निष्कर्ष असा, की त्याला सवय झाली. तो कंटाळून कवळी पेल्यात बुडवून ठेवत असेल आणि दुधात पाव कुस्करून खात असेल, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नाही.

आठवड्याचे सहा दिवस असे जायचे. सातवा दिवस तळ्याचा.

गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर गळ टाकणारे पुष्कळ होते. बहुतेक सगळे गांडूळ लावून, बूच पाण्यावर सोडून, जांभया देत बसणारे. काकांना ते बघवत नसे. "ही काय मासेमारी झाली? ही तर रांगेत नंबर लावणं झालं," असं ते म्हणायचे. त्यांचं सगळं काम जिगवर. जिग म्हणजे फार काही नाही; गळाच्या मानेवर ओतलेलं शिशाचं डोकं, आणि मागे केसांची, पिसांची नाहीतर रबराची शेपटी. आमिष वगैरे काही नाही. पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा, काठीचं टोक वीतभर उचलायचं आणि पुन्हा पडू द्यायचा. उचलायचा, पडू द्यायचा. मासा तो पडतानाच धरतो, आणि धरल्याचं कळतं ते तंगुसाच्या दोरीवर टेकवलेल्या एका बोटाला. तेही इतकं हलकं, की दुसऱ्या कुणाला वाटावं, वारा असेल.

काकांना कळायचं. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की सगळा मामला तोंडाचा आहे आणि तोंडाबद्दल त्यांना कुणी काही शिकवू नये. मरळ शेवाळाच्या छपराखाली दबा धरून बसते, तिची टाळू हाडाची; तिला जाड गळ हवा, आणि तो शेवाळात अडकू नये म्हणून त्याच्यापुढे तारेचा आडोसा. शिंगाळा तळाच्या चिखलात मिशा फिरवत हिंडतो, ओठ चामड्यासारखे. त्याला जड जिग चिखलातून सावकाश ओढत न्यायचा. वाम दगडांच्या फटीत राहते, तिचं तोंड एवढंसं. तिला पेरभर लांबीचा जिग आणि दोऱ्यासारखी शेपटी. आणि खडस, त्याचे दात तोंडात नसतातच, घशात असतात. तो शिसं चेचून परत करतो, गळ वाकवून परत करतो, वर पाण्यात असा वळतो की आपणच त्याची माफी मागावी.

हे जिग काका दवाखान्यातच ओतायचे. साच्यासाठी वेगळं प्लास्टर आणणं त्यांना उधळपट्टी वाटे. प्रत्येक मापावरून ते दोन जबडे काढत आणि दोन्हींवर पेन्सिलीने नाव लिहीत. एक पितळी भांड्यात घालून त्यावर कवळी शिजवायची; कवळी काढताना तो जबडा फुटतोच. दुसरा राखीव, फळीवर. या राखीव जबड्यांचा तळ चांगला जाड आणि सपाट असायचा. काका एका जबड्याच्या तळाला जिगचा अर्धा साचा कोरायचे, दुसऱ्याच्या तळाला उरलेला अर्धा. मग दोन्ही जबडे पाठीला पाठ लावून दोरीने बांधायचे आणि वरून वितळलेलं शिसं सोडायचे. आयुष्यात कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं काकांच्या फळीवर अशी जोडीने बांधली जायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काका, कुणाला सांगू नका हं हे." काका कुणाला सांगत नसत. एक हेडमास्तर सोडून.

हेडमास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते अजून हेडमास्तरच होते. त्यांना मासे धरता येत नसत. बावीस वर्षं दर रविवारी ते काकांच्या होडीत बसत होते आणि या बावीस वर्षांत त्यांनी एक बूट, दोन चिलापी आणि काकांची टोपी एवढंच पाण्यातून काढलं होतं. त्यांचं काम नोंद ठेवणं. तपकिरी कव्हराची वही, लाकडी फूटपट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. मासा होडीत आला की ते त्याला पट्टीवर निजवून "सरळ पड" असं दरडावून सांगत, आणि मासाही एकदोन क्षण ऐकतो असं काकांचं मत होतं. नियम त्यांनीच केलेला होता. साक्षीदाराशिवाय नोंद नाही.

नोंदवहीत एक पान बावीस वर्षं कोरं होतं. त्यावर मास्तरांनी पहिल्याच वर्षी मथळा लिहून ठेवला होता, चौकडी. मरळ, शिंगाळा, वाम आणि खडस, एकाच सकाळी, स्वतः ओतलेल्या जिगवर. काकांचे तीन वेळा तीन झाले होते. चौथा मासा दर वेळी हुलकावणी द्यायचा. मास्तर पेन्सिल खिशात ठेवत आणि म्हणत, "कारागीर, पुढच्या वेळी." काकांना ते कारागीर म्हणायचे. काकांना हे आवडायचं, पण त्यांनी तसं कधी सांगितलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी हेडमास्तरांचे खालचे उरलेसुरले दात काढावे लागले. वरची कवळी त्यांना आधीच होती. खालची करायची म्हटल्यावर काकांना कोण आनंद! माप आलं, काकांनी दोन जबडे काढले, आणि त्याच आठवड्यात राखीव जबड्याच्या तळाला एका नव्या जिगचा अर्धा साचा कोरला. जोडीला घेतला वकीलबाईंचा वरचा जबडा. त्या साच्यातून निघालेले जिग असे जमून आले की काकांनी त्यांना नावच दिलं, मास्तर जिग. अकरा निघाले. पुढच्या खेपेला ओतायला गेले, तर वकीलबाईंचा अर्धा भाग जागेवर, दुसरा अर्धा गायब. काकांनी शिशाने काळवंडलेला एकेक जबडा उलटून पाहिला आणि शेवटी बायकोला बोल लावला, कारण ती एकदा डबा द्यायला आली होती आणि तिने फळी पुसली होती.

"मी काय मास्तरांचा जबडा घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवला का?" काकू म्हणाल्या. आठ महिने हा वाद अधूनमधून निघायचा.

कवळी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात मास्तर म्हणाले होते, "जरा खुपतेय, कारागीर. डावीकडे."

काका काठीला तंगूस भरत होते. "महिनाभर घाला. सवय होईल."

मास्तर पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. काकू रविवारच्या डब्यात काकडीच्या फोडी आणि भाजलेले शेंगदाणे द्यायच्या. मास्तर हल्ली म्हणायचे, "आज नको, पोट जड आहे," नाहीतर, "तुम्ही घ्या, मी घरून खाऊन आलोय." काका दोघांचा वाटा खायचे आणि वयोमानाप्रमाणे आहार कमी करण्याच्या मास्तरांच्या शिस्तीचं मनातल्या मनात कौतुक करायचे.

मग तो रविवार आला. होडी जुन्या बांधापाशी होती. पाणी वाढल्यावर हा बांध कधीच बुडालेला, आता खाली दगडांची नुसती रांग. काका एका पेशंटची गोष्ट सांगत होते, जो बायकोची कवळी घालून लग्नाला गेला होता. मास्तर हसले. हसता हसता होडीच्या काठावर वाकले, तोंडावर हात नेला, आणि पाण्यात टुपकन काहीतरी पडलं.

खालची कवळी पांढऱ्या-गुलाबी रंगाची एकदा चमकली आणि गेली.

यावर काकांनी काय म्हणावं? ते म्हणाले, "हसताना ओठ मिटून हसायचं असतं, मास्तर."

हे तोंडातून निघालं आणि काकांना वाटलं, गिळून टाकता आलं असतं तर बरं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. काठाला लागेपर्यंत बोलले नाहीत, वही काखेत धरून घरी गेले तेव्हाही बोलले नाहीत.

सोमवारी काका त्यांच्या घरी गेले. मास्तरीणबाई दारात आल्या. "झोपलेत ते."

"सकाळी अकरा वाजता?"

"हो ना. मलाही नवलच वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि दार अर्धंच उघडं राहिलं.

मंगळवारी मास्तर अंघोळीला गेलेले होते. फार लांबली ती अंघोळ. शेवटी काका परत आले. बावीस वर्षांत त्यांच्यात कधी अबोला झाला नव्हता. मास्तर रागावलेत, की दात नाहीत म्हणून बोलत नाहीत, हेही कळायला मार्ग नव्हता. त्यातून येत्या रविवारी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा. मास्तरांचं भाषण. तीन महिने ते त्याची तयारी करत होते. होडीत उभे राहून म्हणूनही दाखवलं होतं, तेव्हा काकांनी त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं होतं.

"नवी करून द्या की त्यांना," काकू म्हणाल्या. "तुमच्या हातचं काम. एवढा विचार कसला करताय?"

"तसं कसं? नवी केली म्हणजे जुनी सैल होती असं होईल."

"होतीच की. पडली ना?"

"ती पडली नाही. ते हसले," काका म्हणाले. काकूंनी पुढे बोलण्यात अर्थ नाही असं ओळखून दिवा मालवल्यासारखा विषय बंद केला.

काकांनी ठरवलं, तीच कवळी काढायची. खालची कवळी घोड्याच्या नालासारखी असते, मधली जागा मोकळी. गळ त्यात बरोबर अडकेल. बांधाची जागा पाठ होती, खोली दोन पुरुष. जी कवळी पडली तीच धुऊन, पुसून मास्तरांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, घ्या. बुधवारी त्यांनी बाईंकडे तीस वर्षांतली चौथी रजा मागितली.

तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी होडी बांधापाशी बांधली, एक जुना मास्तर जिग तंगुसाला लावला आणि सोडला. तळाला टेकला. त्यांनी तो सावकाश ओढला, कवळीला धक्का लागलाच तर कळावा म्हणून बोट तंगुसावर. पाचव्या ओढीला काहीतरी लागलं. जड. त्यांनी हळूच काठी उचलली, आणि कवळी धावत सुटली.

शिंगाळा होता. चांगला हातभर. काकांनी त्याला काट्यांपासून सांभाळत वर घेतलं, गळ काढला आणि "आता नको रे बाबा," म्हणून परत सोडला. दगडांच्या फटीत गेली असेल म्हणून मग पेरभर जिग लावला आणि फटीफटीतून हलवत नेला. तिथे वाम लागली, आणि काठीला असे वेढे घालून बसली की ती सोडवण्यात पाव तास गेला. प्रवाहाने कडेच्या शेवाळात नेली असेल म्हणून काकांनी शेवाळाच्या तोंडाशी तारेचा आडोसा असलेला जिग टाकला. छप्पर फुटल्यासारखा आवाज झाला. मरळ. नेहमीच्या रविवारी काका अशा मरळेसाठी जेवणही विसरले असते. आज ते तिला म्हणाले, "बाई, तुझ्या पाया पडतो, जा."

तिला सोडताना त्यांच्या लक्षात आलं. शिंगाळा, वाम, मरळ. तीन झाले.

काकांनी आडोशाचा जिग सोडून खिशात टाकला. मग स्वतःशीच म्हणाले, मी कवळी शोधायला आलोय. आणि बांधाच्या पलीकडच्या वाहत्या अंगाला त्यांनी मास्तर जिग टाकला, कवळी तिकडे जाणं जवळपास अशक्य होतं तरी. आता या माणसाला खोटारडा म्हणायचं का, हे ज्याने कधी गळ हातात धरलाय त्याने ठरवावं. जिग पडत होता. तळाला पोचलाच नाही. बोटाला नुसती एक टिचकी कळली आणि रीळ ओरडायला लागलं.

खडस अर्ध्या तासाने वर आला. उन्हात त्याचे खवले पितळेसारखे लखलखत होते. मास्तर जिगचं डोकं चेपून चपटं झालं होतं. काकांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि सवयीने मागे वळून म्हणाले, "मास्तर, पट्टी."

मागच्या फळीवर कुणी नव्हतं. काकडीचा डबा होता.

काकांनी खडस पाण्यात सोडला. बावीस वर्षांनी चौकडी झाली होती आणि त्यांना इतकं एकटं वाटलं, की होडी वल्हवायचंही सुचेना. ते तसेच बसून राहिले आणि काकडी खाल्ली. काकडी कडू नव्हती, तरी ती गोड लागली नाही.

"मिळाली?" घरी आल्यावर काकूंनी विचारलं.

"चौकडी मिळाली."

"मी कवळीचं विचारतेय."

"ती नाही."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा टाकला.

गुरुवारी सकाळी काका शरण आले. नवी कवळी करायची. बाईंना सांगून नवं माप घ्यायला हवं होतं, पण मास्तर घराबाहेर येईनात. तेव्हा तो हरवलेला राखीव जबडाच पुन्हा एकदा शोधायचा आणि त्यावरच निदान सुरुवात करायची. त्यांनी स्टुलावर चढून तिसरी फळी चाचपली. मागच्या ओळीत, एका सोनाराच्या जबड्यामागे, तो सापडला. पेन्सिलीने लिहिलेलं होतं, हे. मा., खालचा. काकांनी फुंकर मारून धूळ उडवली आणि सहज उलटा करून पाहिला.

तळ कोरा होता. साफ, सपाट, कुठे ओरखडाही नाही.

काका स्टुलावरच उभे राहिले. राखीव जबड्याच्या तळाला त्यांनी स्वतःच्या हाताने साचा कोरला होता. त्यात अकरा वेळा उकळतं शिसं ओतलं होतं. दुसरा अर्धा, वकीलबाईंचा, तिथे समोर होता, शिशाने काळवंडलेला, तळाला एक बारीक तडा गेलेला. मग मास्तरांचा शिसं ओतलेला जबडा गेला कुठे?

तो कुठे गेला हे त्यांना स्टुलावरून उतरायच्या आत कळलं. त्या दिवसांत मरळी नुकत्या हलायला लागल्या होत्या आणि त्यांचं अर्धं मन तळ्यावर होतं. दोन सारखे जबडे, दोन्हींवर एकच नाव. पितळी भांड्यात ठेवताना तळ खाली जातो, ओल्या प्लास्टरमध्ये बुडतो, कुणी बघत नाही. त्यांनी चांगला जबडा फळीवर ठेवला होता आणि अकरा वेळा भाजलेल्या, वाकलेल्या, तडकलेल्या जबड्यावर मास्तरांची कवळी शिजवली होती. फरक असेल एखाद्या केसाएवढा. पण तोंडात केससुद्धा खुपतो.

डावीकडे, मास्तर म्हणाले होते. काकांनी तडा बघितला. मग सापडलेला जबडा वकीलबाईंच्या जबड्याला पाठीला पाठ लावून बघितला, तडा मास्तरांच्या कुठल्या बाजूला येतो ते. डावीकडेच.

आता खरं तर कुणालाच काही कळलं नसतं. चांगला जबडा हातात होता. त्यावर नवी कवळी करायची, ती लोण्यासारखी बसली असती, आणि वर म्हणता आलं असतं, बघा, सवय झाली की नाही? काकांनी हा विचार केला. चांगला तासभर केला. त्या तासात त्यांना राहून राहून शेंगदाणे आठवत होते. पाण्याखाली दोन पुरुष खोल असलेल्या माशाने तोंड लावलेलं बोटाला कळायचं, आणि वीतभर अंतरावर बसलेला माणूस आठ महिने चावू शकत नव्हता, हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

संध्याकाळी ते दोन्ही जबडे पिशवीत घालून मास्तरांच्या घरी गेले. मास्तरीणबाई तोंड उघडणार तोच म्हणाले, "झोपले असतील तर उठवा. अंघोळीला गेले असतील तर मी थांबतो."

मास्तर बाहेर आले. तोंडाशी रुमाल धरलेला. काकांनी जबडे टेबलावर ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. साचा, शिसं, मरळी, पितळी भांडं, सगळं. शेवटी म्हणाले, "चूक माझी. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तुमचा राग आहे तो बरोबर आहे."

मास्तरांनी रुमाल खाली घेतला. खालचे दात नसल्याने त्यांची हनुवटी नाकाला भेटायला आली होती आणि शब्दांतून वारा जात होता, पण उच्चार तरीही हेडमास्तरांचेच.

"मी रागावलेलो नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"दात नाहीत म्हणून?"

"दातांचं नाही हो. कारागीर, ती पडली नाही. मी टाकली."

काका खुर्चीवर बसले.

"तोंडावर हात नेला आणि जिभेने ढकलली. आठ महिने सांगायचा प्रयत्न करत होतो. दर रविवारी घरून ठरवून निघायचो. आणि तुम्ही ते मास्तर जिग, मास्तर जिग करत इतके खूश असायचात, की माझी जीभ रेटायची नाही. दुसरीकडून करून घ्यावी म्हटलं, तर तुम्ही रस्त्यात हसलेले दात ओळखता. मग वाटलं, हरवली तर काय, नवी करतील. कदाचित जरा बरी होईल. तुम्हालाही वाईट वाटणार नाही." त्यांनी रुमालाने हनुवटी पुसली. "चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, गणिताची सवय होईल. पोरं काय भोगत होती ते आता कळलं."

काकांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना ठसका लागला. मास्तरीणबाईंनी पाणी आणलं. त्यांना यातलं किती आधीपासून ठाऊक होतं हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"मी काल तळ्यावर गेलो होतो," काका म्हणाले. "कवळी शोधायला."

"अरे देवा."

"कवळी नाही मिळाली. चौकडी झाली."

मास्तर ताठ बसले. "चारही?"

"चारही. शेवटी खडस. मास्तर जिगवर."

"साक्षीदार कोण होता?"

काका जबडे पुन्हा पिशवीत भरायला लागले.

"मग नोंद नाही," मास्तर म्हणाले. पण त्यांनी काकांच्या गुडघ्यावर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही.

शुक्रवारी मास्तर दवाखान्यात आले, तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदा काका मागच्या खोलीतून पुढे आले. बाईंना त्यांनी सगळं आधीच सांगितलं होतं, बाई रागावल्या, आणि मग म्हणाल्या, "काका, या, तुम्हीच बघा." मास्तरांनी आ केला. डाव्या बाजूला हिरडीवर एक जुना, पुन्हा पुन्हा चिघळून बरा झालेला वण होता. काका त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नवंच माप घ्या, मॅडम. राखीव जबड्यावर मी करणार नाही. आठ महिन्यांत तोंड बदललंय यांचं." शनिवारभर ते खोलीतून उठले नाहीत. जिगचे सगळे साचे त्यांनी काकूंच्या हाती एका खोक्यात घालून घरी पाठवले, आणि मास्तरांचा जबडा आपण नेला नव्हता हे काकूंनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

रविवारी मास्तर पाऊण तास बोलले. पोरं, म्हणजे पन्नाशीची पोरं, मागच्या रांगेत चुळबुळ करायला लागली तरी बोलले. काका दाराशी उभे राहून एकेक शब्दाचा शेवट ऐकत होते, आणि त्यांच्या लेखी ते भाषण फार छोटं झालं.

पुढच्या रविवारी होडी पुन्हा बांधापाशी होती. वही, फूटपट्टी, पेन्सिल, सगळं जागेवर. काकांनी मास्तर जिग सोडला. आता चारच उरले होते. बोट तंगुसावर टेकवलं. जिग तळाला जात असताना मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. काकांनी वळून पाहिलं नाही. मग करकर असा काकडी फोडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग शेंगदाण्यांचा. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे. काका तो आवाज कान लावून ऐकत होते.

"कारागीर," मास्तर भरल्या तोंडाने म्हणाले, "तुमचं तंगूस हाललं."

काकांनी दचकून काठी उचलली. काठी हलकी लागली. मासा कधीच सोडून गेला होता.

"गेला?" मास्तरांनी विचारलं.

"गेला," काका म्हणाले, आणि डबा त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही खा."